जैसलमेरच्या मे महिन्यासाठी फोंड्यात शिवलेले कपडे

नणंदेच्या मुलाचं बारसं मे महिन्यात करायचं ठरलं आणि तेही जैसलमेरला. तिचे यजमान तिकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पावर असतात, बाळंतपणही तिथंच झालं. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न नव्हता. मी, हे आणि सासूबाई असे तिघं निघणार होतो. प्रश्न होता तो कपड्यांचा. नणंद फोनवर एवढंच म्हणाली, "वहिनी, इथे हात उघडे ठेवून कुणी बाहेर पडत नाही. त्या हिशेबाने आणा."

गोव्यात उन्हाळ्याचे कपडे म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही. आखूड बाह्या, मोठा गळा, पातळ कापड आणि अंगाला वारा लागेल असा काहीही सुटसुटीत वेष. आपल्या हवेत हे बरोबरच आहे. मे महिन्यात पणजीचं दुपारचं तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असतं, पण हवेत ओल एवढी की घाम वाळतच नाही, ओघळत राहतो. घामाने थंडावा मिळतो तो त्याची वाफ होताना. नुसता ओघळून गेलेला घाम काही कामाचा नाही. म्हणून आपण जमेल तेवढी त्वचा उघडी ठेवतो आणि पंख्याखाली बसतो.

जैसलमेरचं गणित वेगळं आहे. तिथे मे महिन्यात दुपारचं सरासरी तापमान ४१-४२ अंश असतं, उष्णतेची लाट आली की ४५ च्या वर जातं. आम्ही ज्या रेल्वेने जाणार होतो त्या मार्गावरच फलोदी लागतं. १९ मे २०१६ रोजी तिथे ५१ अंशांची नोंद झाली होती. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४२ अंशांची असेल तर तोच वारा उष्णता अंगात आणून घालतो. म्हणजे गोव्यात जो वारा आपण मागून घेतो, तो तिथे अडवायचा असतो. वरून ऊन, खालून तापलेली जमीन आणि बाजूने लू, म्हणजे तिथला उष्ण कोरडा वारा, या तिघांपासून त्वचा झाकायची, पण घामाला वाळायला वाटही ठेवायची. हे एकदा नीट कळलं की कापड कुठलं, शिलाई कशी, रंग कुठला हे सगळं आपोआप सुटत जातं. मी तरी त्याच क्रमाने गेले.

कापडासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठला. मे महिना म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्याची बेगमी करून ठेवायचे दिवस. सुक्या मिरच्या, आमसुलं, चिंच, सुकी मासळी यांचे ढीग लागलेले, आणि पलीकडे छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकच्या चपला. कापडवाल्यांनीसुद्धा पावसाळ्याचा माल पुढे काढलेला होता, म्हणजे क्रेप, जॉर्जेट, नायलॉन, जे काही लवकर वाळतं ते. त्यांचंही बरोबर आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुती कपडा दोरीवर तीन तीन दिवस दमट राहतो आणि त्याला वास मारतो. सुती हवं म्हटल्यावर दुकानदाराने मलमलीचे तागे काढले.

मलमल हाताला फार सुंदर लागते. पण मी ती ट्यूबलाइटसमोर ताणून धरली आणि मागे हाताचा पंजा ठेवला, तर बोटांची पेरंसुद्धा दिसली. जिथून उजेड येतो तिथून ऊनही येतं. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टमधूनही अतिनील किरणांचा बराच भाग त्वचेपर्यंत पोचतो, आणि कापड ओलं झालं की त्याहून जास्त. त्यामुळे मलमल एकटी चालणार नव्हती. मग कॅम्ब्रिक पाहिलं. त्याची वीण घट्ट असते, पण सूत बारीक असल्यामुळे वजन होत नाही. पंजा मागे धरला तर नुसती सावली दिसत होती. जिभेने ओलं केलेलं बोट कापडावर टेकवलं की ओल लगेच गोल पसरली. पॉलिस्टर मिसळलेलं असतं तर थेंब तसाच वर थांबून राहिला असता. दुकानदार म्हणाला, "बाय, सगळी पातळ पातळ मागतात आणि तुम्ही दाट का शोधता?" जैसलमेर म्हटल्यावर त्याने आपणहून हातमागाची खादी काढून दिली. ह्यांच्या शर्टांचं काम तिथेच झालं.

घेतलेलं सगळं कापड रात्रभर पाण्यात भिजवून आटवलं. ही पायरी कुणी गाळू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि आपल्याला लागणारा सैलपणा नेमका तिथेच जातो.

फोंड्यातल्या तिस्कावरच्या आमच्या टेलरबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या नेहमी अंगाबरोबर शिवतात आणि त्यांचा हात फार सफाईदार आहे. त्यांना मी छातीला नेहमीपेक्षा नऊ-दहा इंच जास्त घेर धरायला सांगितला. बाही मनगटापर्यंत, पण मनगटाला पट्टी किंवा बटण नको, तोंड मोकळं. बगलेत चौकोनी कळी, म्हणजे हात वर केला तरी कापड ताणून अंगाला चिकटणार नाही. लांबी गुडघ्याखाली, बाजूच्या चिरा उंच. गळ्याला उभी पट्टी, कारण मानेची मागची बाजू सगळ्यात आधी भाजते. पुढे मात्र बटणं, हवी तेव्हा दोन उघडता येतील अशी. माप लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "टीचर, ह्यात तुम्ही हरवून जाल हां."

पण त्या सैलपणावरच सगळं अवलंबून असतं. चालताना ढगळ कपडा हलतो, खालून हवा आत येते, अंगावरून वर जाते आणि गळ्यातून बाहेर पडते. या खेळत्या हवेत घाम वाळतो आणि थंडावा त्वचेला मिळतो. ऊन कापड तापवतं, पण तापलेलं कापड अंगाला टेकत नाही. वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब लोक काळे झगे घालून कसे राहतात याचा अभ्यास काही शास्त्रज्ञांनी केला होता आणि तो १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो हे त्यांना दिसलंच, पण त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. वरची जास्तीची उष्णता मधल्या हवेबरोबर निघून जात होती. हे वाचल्यापासून मी रंगाची काळजी जवळजवळ सोडली. अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याला फिका रंगच बरा, पण सैल आणि दाट विणीचा असेल तर रंग आवडीचा घ्यावा. मी एक फिका पिवळा आणि एक गडद निळा असे कुडते शिवले. आत घालायला मलमलीच्या बिनबाह्यांच्या बंड्या शिवल्या. मलमलीचा उपयोग इथे झाला, ती घाम टिपून पसरवते.

शिवून आलेला निळा कुडता फोंड्यात घालून पाहिला आणि नाक्यापर्यंत जाऊन आले. पाठीला, दंडांना सगळीकडे चिकटला. दमट हवेत त्याचं तसंच होणार होतं. घाम वाळायला जागाच नाही, तर कळ्या आणि घेर काय करणार? मी तो धुऊन बॅगेत भरला.

ह्यांचा आग्रह व्यायामाला घालतात त्या पॉलिस्टरच्या टी-शर्टांचा होता. घाम झटकन सुकतो हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण बाही आखूड, कापड अंगाला घट्ट, आणि मुळात कोरड्या हवेत घाम झटकन सुकवायला वेगळ्या कापडाची गरजच नसते. सुतात तो थोडा वेळ धरून राहतो, तेवढा वेळ थंडावा मिळतो. शेवटी त्यांनी खादीचे पूर्ण बाह्यांचे शर्ट घेतले, नेहमीपेक्षा एक माप मोठे, पँटच्या बाहेर सोडायचे.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो आईंच्या कपड्यांचा. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या सत्तरीच्या पुढच्या, साडीशिवाय दुसरं काही नेसत नाहीत, आणि रोजच्या वापरात सगळ्या नायलॉनच्या साड्या, कारण पावसाळ्यात त्याच वाळतात. साडी वाळवंटाला चांगली आहे. पाय पूर्ण झाकलेले आणि आत हवा खेळती. पण पाठ, कंबर आणि दंड उघडे. त्यांच्या जुन्या सुती साड्या पेटीतून काढल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत करून घेतल्या. त्याच्या पुढे त्या यायला तयार नव्हत्या आणि मीही ताणलं नाही. वरून पांघरायला पंचासारखं मोठं सुती कापड बरोबर घेतलं. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. त्यांच्या बाबतीत कपड्यांवर सगळा भरवसा टाकायचा नाही, दहा ते सहा घराबाहेर न्यायचंच नाही, हे आधीच ठरवून टाकलं होतं.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे जोधपूरला पोचलो आणि तिथून जैसलमेरची रेल्वे धरली. वातानुकूलित डब्यात सगळ्यांनी शाली काढल्या. वाळवंटाच्या प्रवासाला शाल लागते ती या डब्यासाठी. वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी पडते असं आपण ऐकलेलं असतं, पण ते हिवाळ्यात. मे महिन्यात तिथली पहाट २६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे जवळपास पणजीएवढीच. फरक पडतो तो दुपारशी. आपल्याकडे दिवस आणि रात्र यांत सहा-सात अंशांचा फरक असतो, तिथे पंधराच्या पुढे. त्यामुळे गच्चीवर झोपताना एक पातळ चादर पुरली. स्वेटर मी घेतलाच नव्हता.

स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपार उतरणीला लागली होती तरी तोंडावर येणारा वारा गरम होता. पोळीचा तवा उतरवून ठेवल्यावर त्याच्यावरून हात फिरवला की लागते तशी धग. मी ओढणी नाकापर्यंत ओढली आणि लक्षात आलं की कुडत्याच्या आत मला त्रास होत नाहीये. चेहरा तापला होता, हाताचे तळवे तापले होते, पण पाठ आणि दंड ठीक होते. जो कुडता फोंड्यात पाच मिनिटांत अंगाला चिकटला होता, तो इथे कोरडाच्या कोरडा होता.

हा कोरडेपणा मात्र नीट समजून घ्यायला हवा. आपल्याला घामाची सवय आहे ती दिसणाऱ्या घामाची. तिथे तो दिसतच नाही, त्वचेवर येतो आणि उडून जातो. पहिल्या दिवशी संध्याकाळी निळा कुडता काढला, तर पाठीवर आणि बगलेत मिठाच्या पांढऱ्या रेघा उठलेल्या, एकात एक अशा, मिठागराच्या वाफ्याच्या कडेला असतात तशा. दिवसभर घाम आला असं एकदाही वाटलं नव्हतं. तेव्हापासून गडद कुडत्यावरच्या या रेघा बघून पाणी कमी पडलं का याचा अंदाज मी घेत गेले. मीठ-साखरेचं पाणी बाटलीत भरूनच बाहेर पडायचं. नणंदेसाठी नेलेली आमसुलं होतीच, त्यांचं सरबतही रोज झालं.

सुती पंचा ओला करून मानेभोवती घ्यायची युक्ती नणंदेच्या शेजारणीने दाखवली. तिथे सगळे त्यांना माजी म्हणतात. गोव्यात ओला पंचा गळ्यात घेतला तर तो नुसता ओला राहतो. तिथे दहा मिनिटांत खडखडीत वाळतो, आणि त्या दहा मिनिटांत मान खरोखर गार होते. वाळला की पुन्हा भिजवायचा. घरात वाळ्याचे कूलर लावतात तेही याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडे तसला कूलर लावला तर खोलीत फक्त ओल वाढते.

माजींनीच आईंना ओढणं कसं घ्यायचं ते शिकवलं. आम्ही नेलेला पंचा त्यांनी बाजूला ठेवला आणि आपलं अजरखचं ओढणं आणलं, बाडमेरचं, निळ्या-तांबड्या छाप्याचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. एक टोक कमरेला खोचून, पाठीवरून डोक्यावर आणि पुढे खांद्यावरून सोडलेलं. पाठ, दंड, मान, डोकं सगळं एका कापडात झाकलं गेलं आणि साडी आपल्या जागी राहिली. पूर्ण बाह्यांच्या पोलक्याला नाही म्हणणाऱ्या आईंनी ते ओढणं बारशाच्या दिवशीही उतरवलं नाही. जे आम्ही फोंड्यात इंच टेपने जमवत होतो ते तिथल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या वापरून बसवलेलं आहे. घेरदार घागरा, लांब बाही, मोठं ओढणं यांत एकही गोष्ट नुसती शोभेची नाही.

साफ्याचंही, म्हणजे तिथल्या फेट्याचंही तसंच. माणक चौकातल्या एका दुकानदाराने ह्यांना तो बांधून दिला. आठ-नऊ मीटर मलमल, डोक्याभोवती सैल थर घालत. टोपीत डोक्याचा वरचा भाग आणि कापड एकमेकांना टेकतात, साफ्यात कापडाच्या थरांमध्ये हवा राहते. शेवट पाठीवर सोडलेला असतो तो मानेवर सावली धरतो, आणि आंधी, म्हणजे धुळीचं वादळ आलं की नाकातोंडावर ओढता येतो. आम्हाला आंधी भेटलीच, किल्ल्यातून खाली उतरताना. आकाश पिवळट झालं, मग समोरची घरं दिसेनाशी झाली. माझा चष्मा मोठ्या काचांचा होता म्हणून डोळे वाचले. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या घरी ठेवून चष्माच न्यावा.

पायांचं सांगायला हवं. गोव्यात आपण बारा महिने चपला किंवा सँडल घालतो. तिथे उघडी चप्पल घातली की पाऊल भाजतं आणि जैसलमेरजवळच्या समच्या टेकड्यांत तर वाळू थेट बोटांवर येते. मे महिन्यातल्या दुपारी कोरडी वाळू ६० अंशांच्या वर तापते. कॅनव्हासचे बूट आणि सुती मोजे उत्तम. मोज्यांचा दुसरा उपयोग किल्ल्यातल्या जैन मंदिरांत झाला. तिथे पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि अंगणातली पिवळ्या दगडाची फरशी सकाळी दहालाच तापलेली असते. कातड्याच्या वस्तूही आत चालत नाहीत, पट्टा आणि पाकीटसुद्धा. ह्यांनी नाडीची सुती पँट घातली होती, त्यामुळे पट्ट्याचा प्रश्न आला नाही. मी कापडी पिशवी नेली होती.

दागिने कमीत कमी. धातू उन्हात तापतो. मंगळसूत्र कुडत्याच्या आत ठेवलं, हातात काचेच्या दोन बांगड्या. आतले कपडे निव्वळ सुती, आणि मांड्या घासतात म्हणून सलवारीच्या आत सुती आखूड चड्डी. हे कुणी लिहीत नाही, पण दिवसभर चालायचं असेल तर त्यावाचून हाल होतात. एकच नायलॉनची साडी बरोबर गेली होती, बारशासाठी, जरीच्या काठाची. कोरड्या हवेत ती नेसताना तडतडली आणि पायांना चिकटून बसली. आईंनी हात ओला करून निऱ्यांवरून फिरवला तेव्हा कुठे ती सुटली.

आणि कपडे थोडेच न्या. रात्री धुतलेला कुडता गच्चीवर टाकून पाणी पिऊन येईपर्यंत अर्धा वाळलेला असतो. प्रत्येकी दोन जोड आणि एक समारंभाचा एवढं पुरतं. वाचलेल्या जागेत आम्ही बाळासाठी आईंच्या जुन्या लुगड्यांची दुपटी नेली.

बाहेर पडायच्या वेळा कपड्यांइतक्याच महत्त्वाच्या. जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिमेला असल्यामुळे घड्याळ आणि सूर्य यांत अंतर पडतं. सूर्य डोक्यावर येतो तो पाऊण वाजता, आणि सगळ्यात कडक ऊन्हाळा जाणवतो तो तीन-चारच्या सुमाराला. संध्याकाळ साडेसातच्या पुढे लांबते. आम्ही पहाटे बाहेर पडायचो, दहाच्या आत परतायचो, आणि पुन्हा सहानंतर. गडीसर तलावावर, पटव्यांच्या हवेलीत याच वेळांत फिरलो. कितीही शहाणे कपडे असले तरी भर दुपारी सावली आणि पाणी यांना पर्याय नाही.

परत आल्यावर शेजारची वहिनी विचारायला आली. तिचा मुलगा दोह्याला असतो आणि ती जुलैत त्याच्याकडे निघाली आहे. माझे कुडते तिला फार आवडले. पण तिला मी तेच शिवायला सांगितलं नाही. दोहा, दुबई ही शहरं वाळवंटात असली तरी समुद्राकाठी आहेत, आणि उन्हाळ्यात पर्शियन आखातावरून येणारी हवा गोव्याहूनही दमट असू शकते. त्याच किनाऱ्यावर सौदी अरेबियातल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी ३५ अंशांचा दवबिंदू नोंदला गेला होता. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते, आणि तो जितका जास्त तितकी हवेत ओल जास्त. अशा हवेत घाम वाळणार नाही, तिथे दुहेरी थर नकोत. तिला एकच थर, पातळ कॅम्ब्रिकचा, सैल आणि पूर्ण बाहीचा सुचवला, आणि मॉलमधल्या गारठ्यासाठी एक शाल. टेलरबाईंकडे माझं माप आहेच. घेर तेवढाच ठेवायचा, आतली बंडी वगळायची आणि कळी मात्र घालायचीच, असा निरोप दिला आहे.